तिलाच बोलवा

दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं, असं म्हणतात. माझं पोट ठणठणीत होतं. माझा गळा दुखला. आधी दुखला, मग आवळला, आणि शेवटी त्यातून आवाजच निघेना. हे मी लिहितेय ते अशा बायकांसाठी, ज्यांना डॉक्टर सांगतात की तुम्हाला काही झालेलं नाही, आणि तरी घरी आल्यावर भाकरीचा घास उतरत नाही. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही, त्यांनाही जळता येतं.

मी पेणच्या खारेपाटातली. खाडीकडच्या एका गावात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. आमचे हे डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, शिफ्टला जातात. पण गावात मला ओळखतात ते धवलारीण म्हणून. आमच्या आगरी लग्नात हळदीला आणि मांडवाला धवले म्हणतात. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात, म्हणजे तिच्या मागून म्हणतात. ओळ टाकणारी ती धवलारीण. गावदेवापासून सुरुवात करायची आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना मांडवात बोलवायचं, गेलेल्या माणसांनासुद्धा. एक नाव सुटलं तर वर्षभर रुसवा. भटजी उशिरा आला तर खुर्ची देतात, धवलारीण उशिरा आली तर शोधायला माणूस धाडतात.

आमच्या आत्याने हे मला शिकवलं. मला, हे नीट वाचा. माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा मागे बसून झेलायची, आणि तेही अर्ध्या वेळा उशिरा. आता ती रोह्याला दिली आहे आणि तिला जीप पाठवून नेतात. माईकवर गाते. तिच्या पुतणीने तिचे व्हिडिओ मोबाईलवर टाकले, आणि आमच्या अंगणवाडीच्या बाईंपासून ते पेणच्या भाजीवालीपर्यंत सगळ्या मला विचारायला लागल्या, "ती रोह्याची धवलारीण तुमची बहीण ना? काय गळा आहे हो!" मी म्हणायची, हो ना. तोंडाने एवढंच. आत काय म्हणायची ते पुढे येईल.

हळद

शेजारच्या गावात हळद होती. मला लहानपणापासून बघितलेल्या बायका, ओळखीचा मांडव. मी गावदेवाचं नाव घेतलं, घरधन्याचं घेतलं, आणि धन्याच्या आईच्या नावावर आवाज फाटला. फाटला म्हणजे जुन्या लुगड्याला नख लागावं तसा, मधून सरळ. बायका थांबल्या. मी खाकरले, पाणी प्याले, पुन्हा ओळ टाकली. नुसती हवा आली.

आमच्याकडे अशी शांतता फार वेळ टिकत नाही. एक पोरगी मागून म्हणाली, "रोह्याची मावशी असती तर!" तिच्या आईने तिला चिमटा काढला. तो चिमटा मला दिसला. पोरीपेक्षा मला त्या आईचा राग आला, कारण चिमटा आपण खरं बोलणाऱ्यालाच काढतो.

त्या दिवशी डोक्यात एक वाक्य सुरू झालं. "तिलाच बोलवा." खरं तर ते आधीपासूनच असणार, पण त्या दिवशी मला ते ऐकू आलं. भांडी घासताना, तिलाच बोलवा. पोरांना खिचडी वाढताना, तिलाच बोलवा, मी काय, मेलेच. कधी त्याला शेपूट फुटायचं. तिलाच बोलवा, तिचीच नथ बघा, तिचाच माईक बघा, ती झेलायची तेव्हा उशिरा झेलायची ते कुणाला सांगू नका. देवळात हात जोडले तरी देवासमोर तेच. पिकतं तिथं विकत नाही हे ठाऊक होतं, पण माझ्या शेजारणीने पिकवलेलं रोह्याला विकलं जावं तसं नव्हतं हे. हे माझंच बियाणं होतं.

मला वाटायचं, मनातल्या मनात बोललं तर कोणाचं काय जातं? तोंडाने तर मी चांगलीच होते.

सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, रात्रभर ऊस चावल्यासारखा. जीभ टाळ्याला इतकी घट्ट लागलेली असायची की ती सोडवावी लागायची. खांदे कानाकडे गेलेले. घशात एक गोळा, गिळला तरी तिथेच. आणि दुपारनंतर आवाज बसलेला. पोरांना "या रे" म्हणायलाही मी टाळ्या वाजवायला लागले.

मिरच्या

सासूबाईंनी निदान डॉक्टरांच्या आधी केलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत धरून माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरभर ठसका लागायला हवा होता. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "मिरच्या जलल्या नि ठसका नाय. कडक नजर हाय गो. तुझ्या गल्यावरच कुनाचा तरी डोला हाय."

कोणाचा, ते त्यांनी विचारलं. मला लगेच आठवलं. दिवाळीला शोभा आली होती. मी ओट्यावर बसून सहज दोन ओळी म्हटल्या, तर ती म्हणाली होती, "ताई, तुझा आवाज अजून तसाच हाय गो." वर थू थू केलं नाही, बोटं मोडली नाहीत, नुसतं कौतुक करून गेली. आमच्याकडे असं उघडं कौतुक कोणी करत नाही. बाळ गोंडस दिसलं तरी आधी "काळतोंड्या" म्हणायचं असतं.

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. शोभाने रोह्याहून माझ्यासाठी ज्येष्ठमध आणि खडीसाखर पाठवली होती, ती पुडी त्यांनी न सोडता फळीवर ठेवून दिली. "तिच्या हातचं आता गल्याला नको." शोभाचे फोन येत राहिले. आवाज नाही हे चांगलं निमित्त होतं, मी एकही उचलला नाही. आणि एक गोष्ट सांगते, नजर तिची आहे असं ठरलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं. म्हणजे तिचाही डोळा माझ्यावर होता तर. माझ्याकडे अजून बघण्यासारखं काही होतं.

आवाज मात्र काही आला नाही.

पनवेल

पेणच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, मिसरी लावता का? लावते. किती वर्षं? लग्नाच्या आधीपासून. ते लिहीत होते तो हात थांबला. म्हणाले, पनवेलला दुर्बिणीने बघून घ्या, उगाच शंका नको.

"उगाच शंका नको" हे वाक्य डॉक्टर शंका आल्यावरच म्हणतात. घरी येताना आम्ही दोघं एसटीत शेजारी बसलो होतो. ह्यांनी मध्येच माझा हात धरला आणि वडखळला लोक चढले तसा सोडून दिला. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हे लाजतात. मी घरी गेले आणि मिसरीची डबी शेणखताच्या खड्ड्यात टाकली. दोन दिवसांनी ती हुडकायला गेले हेही लिहिते, म्हणजे कोणाला मी संत वाटायला नको.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात बाकावर बसून नंबर येण्याची वाट बघायची. तिथे सगळ्यांचे गळेच. कोणाला पट्टी, कोणाला नळी. शेजारच्या आजोबांच्या गळ्याला भोक होतं, त्यावर बोट ठेवून ते बोलायचे. त्यांनी मला खुणेने विचारलं, काय? मी खांदे उडवले. मला फार भीती वाटत होती. गाठ निघाली तर हे एकटे काय करतील, मुलगा अजून शिकतोय, सासूबाईंना कोण बघेल, हे सगळं डोक्यात आलं. आणि त्याच्या मधूनच, मला सांगायला लाज वाटते, हेही आलं की मी गेले तर माझ्या बाराव्यानंतर सगळ्या म्हणतील, आता शोभालाच बोलवा.

नाकातून दुर्बीण घातली. डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या पडद्यावर माझाच गळा दिसत होता, गुलाबी, आणि मध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, "ईऽऽ म्हणा." मी म्हणायला गेले, तर आवाज यायच्या आधीच सगळीकडून मांस आत आलं. चंचीची नाडी ओढल्यावर तोंड आवळतं ना, तसं.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "आवाजाच्या पट्ट्या चांगल्या आहेत. तुम्ही गळा आवळताय."

"मी?"

"घरात काही टेन्शन?"

मी उत्तर द्यायच्या आत हे म्हणाले, "हिला कसलं टेन्शन, डॉक्टर? टेन्शन सगलं मला."

बाहेर आल्यावर हे बाकड्यावर बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. भोकवाल्या आजोबांनी ते बघितलं. त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "गाठ नाय ना? मग हस की!" मला हसू आलं नाही. मी मान खाली घातली. त्या माणसापुढे माझं दुखणं फारच हलकं होतं, आणि तरी ते माझ्या गळ्यात होतंच.

मॅडम

गळा मोकळा करायला डॉक्टरांनी आवाजाच्या मॅडमकडे धाडलं. दर आठवड्याला जायचं. पहिल्या वेळेला ह्यांची शिफ्ट बदलून मिळाली नाही, आणि ह्यांनी मला न विचारता शोभाला फोन केला. मी कपाळावर हात मारला. पण आता नको म्हणायलाही आवाज नव्हता.

ती रोह्याहून गाडीत बसली, मी पेणला चढले. तिने माझ्यासाठी खिडकी धरून ठेवली होती. तेसुद्धा मला टोचलं. डब्यातल्या एका बाईने तिला ओळखलं आणि पनवेलपर्यंत तिचे व्हिडिओ तिलाच दाखवत राहिली. शोभा मध्येच मला विचारायची, "ताई, पानी हवं?" मी मान हलवायची. तिलाच बोलवा, तिलाच बोलवा, तिलाच बोलवा. गाडीच्या चाकांनाही तोच ठेका होता.

मॅडम तरुण, केस कापलेली, पण हात आजीबाईसारखे गरम. तिने माझे खांदे दाबून बघितले, जबड्याच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, मी कळवळले. मग शोभाला विचारलं, "तुम्हीही गाता? एक ओळ म्हणा, म्हणजे ह्यांना सोबत होईल."

शोभाने ओळ टाकली. आत्याची पहिली ओळ, जी आत्याने मला आधी शिकवली होती. ती सुरेल गायली, हे मी कबूल करते, कारण खोटं बोलून गळ्याचं काही भलं झालेलं नाही. मॅडमने तिला थांबवलं आणि म्हणाली, "ताई, जरा खालून चहा घेऊन याल का?"

शोभा गेली. मॅडमने दोन बोटं माझ्या गळ्याच्या घाटीवर, पुढच्या उंचवट्यावर, ठेवली. "आता गप्प बसा. काही बोलू नका."

मी गप्प बसले.

"आत्ता काय म्हणालात?"

"काय नाय."

"तुम्ही बोलला नाहीत, गळा बोलला. घाटी वर गेली, खाली आली. जीभही हलली." तिने आरसा समोर धरला. "बघा."

मी बघितलं. तोंड मिटलेलं, चेहरा सोज्वळ, आणि गळ्यात घाटी वरखाली. पाण्यात मासा दिसत नाही पण पाणी हलतं, तसं. मॅडम म्हणाली, मनातल्या मनात बोलतानाही पुष्कळ माणसांचा गळा आणि जीभ बारीकशी काम करतात. चांगलं बोललात तर कोणी लक्ष देत नाही. पण एकच कडू वाक्य दिवसभर म्हणत राहिलात आणि ते बाहेर येऊ नये म्हणून आवळून धरलंत, तर गळा दोन्हीकडून थकतो. बोलूनही आणि अडवूनही.

"वाक्य काय आहे?" तिने विचारलं.

तिची बोटं तिथेच होती, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. शेवटी फाटक्या आवाजात म्हटलं, "तिलाच बोलवा."

ती हसली नाही. चुकीचं आहे, असं मनात आणू नका, असंही म्हणाली नाही. त्यासाठी मी तिला जन्मभर दुवा देईन. ती म्हणाली, "ते येईल तेव्हा अडवू नका. मोठ्यानं म्हणा. एकदाच. मग खांदे खाली, आणि हे करा." आणि पाण्याच्या पेल्यात नळी घालून हूं करत बुडबुडे काढायला शिकवलं.

परतीच्या गाडीत शोभाने विचारलं, "मॅडम काय म्हनाली गो?"

"कोमट पाणी पी म्हणाली," मी म्हटलं.

पपईचा देठ

दवाखान्यातली नळी मी आठवड्यात चावून चपटी केली. जबड्याची सवय. सासूबाईंनी मागच्या दारच्या पपईचं पान तोडून आणलं, चीक निथळू दिला, देठ उन्हात सुकवला, धुतला आणि माझ्या हातात दिला. लहानपणी आम्ही त्याची पिपाणी करायचो. मी ओट्यावर बसून पेल्यात बुडबुडे काढायची आणि रस्त्याने जाणारी पोरं थांबून बघायची. अंगणवाडीची दोन पोरं तर घरून आपापले देठ घेऊन आली.

मोठ्याने म्हणायचं ते अवघड होतं. घरात कुठे म्हणणार? मी गोठ्यात गेले. म्हशीकडे तोंड करून ओरडले, जेवढं निघेल तेवढं, "तिलाच बोलवा!"

भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "कोनाला बोलवू गो?"

मग सगळं सांगावं लागलं. नजरेचं नाही, ह्या वाक्याचं. मला वाटलं आता सासूबाई आयुष्यभर पुरेल एवढं ऐकवतील. त्या दारात टेकून उभ्या होत्या, मान नेहमीसारखी डावीकडे कललेली. ती मान गेली कित्येक वर्षं तशीच आहे, सगळी तेलं लावून झाली.

"म्हंजे मनात बोललं तरी लागतं व्हय अंगाला?" त्यांनी विचारलं.

"लागतं म्हणे."

"मंग माजी मान अशी का झाली ते कललं." त्या दारातूनच घरातल्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. "ह्यो मानूस डाव्या अंगाला बसायचा जेवायला. नि मी जल्मभर मनात त्याला शिव्या घालीत त्याच्याकडं बगत बसले."

आम्ही दोघी गोठ्यात बसून हसलो, म्हैस घाबरून मागे सरली. त्यानंतर आमच्या घरात एक नवीन रीत सुरू झाली. मधूनच गोठ्यातून माझं "तिलाच बोलवा" आणि मग सासूबाईंचं सासऱ्यांना एक ठेवणीतलं. हे शिफ्टवरून आले की बाहेरच चपला काढत विचारायचे, "आजचं जालं का?" त्या दिवसांतच फळीवरची पुडी खाली आली. सासूबाईंनीच सोडली. मला खडीसाखरेचा खडा दिला आणि स्वतः दोन घेतले.

सगळंच असं हसण्यात गेलं नाही. एकदा मी दिवसभर खुणा करून बोलले, आणि हे थकून म्हणाले, "गप हायस तेच बरं हाय." गंमत म्हणून म्हणाले, पण मी ताट सरकवून उठले. त्या आठवड्यात गळा पुन्हा बंद. मॅडमकडे गेले तर तिने बोटं ठेवली आणि म्हणाली, आता नवीन वाक्य आहे वाटतं. होतं. माणसाचं डोकं रिकामं राहत नाही, एक भाडेकरू गेला की दुसरा येतो. ज्यांना असं वाटतं की एकदा कळलं की सुटलं, त्यांना सांगते, तसं होत नाही. पण तेव्हा निदान घर कोणाचं आहे ते माहीत असतं.

दोघी

तुळशीची लग्नं झाली आणि माझ्या भावाचा, अनंताचा, फोन आला. त्याच्या मुलीची, प्राचीची, हळद ठरली. "ताई, तुम्ही दोघी या. धवल्याला दोघी बसा."

दोघी म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. दोघी म्हणजे शोभा गाणार आणि ताईला वाईट वाटू नये म्हणून ताईलाही पाट मांडणार. प्राची माझ्या मांडीवर वाढली. तिच्या हळदीत मी ओळ टाकणार हे मी ती पाळण्यात असल्यापासून धरून चालले होते. माझा आवाज तोपर्यंत सकाळी बरा असायचा, दुपारी चालायचा, संध्याकाळी भरवसा नाही. आणि हळद संध्याकाळी.

मी गोठ्यात जाऊन मोठ्याने म्हटलं. एकदाच म्हणायचं असतं, मी पाच-सहा वेळा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "जा, नि गा. फाटला तर फाटला. गला हाय, लुगडं न्हवं, कोन शिवायला बसलंय?"

मांडवात पोचले तर शोभा आधीच आलेली. हिरवी साडी, नथ. पोरी तिच्याबरोबर फोटो काढत होत्या. माईक तिच्या पुढ्यात. मला बघून ती उठली आणि माईक उचलून बाजूला ठेवला. "ताई, आधी तू."

दया करते का काय माझ्यावर, हे आलं मनात. घाटीवर हात गेला. खांदे खाली घेतले. बसले, आणि गावदेवाचं नाव घेतलं.

आवाज आला. सुंदर नाही, खरखरीत, पण आला. बायकांनी झेलला. भावाचं नाव, वहिनीचं, आमच्या आईबापांचं, जे आता नाहीत. आत्याचं नाव घेताना मी मुद्दाम शोभाकडे बघितलं, कारण आत्या माझी होती.

शोभा झेलत नव्हती. हात हळदीच्या ताटावर, तोंड मिटलेलं, चेहरा एकदम शांत, हसराच म्हणा ना. बघणाऱ्याला वाटेल, किती कौतुकाने ऐकतेय बहिणीचं. पण मी तो आरसा बघितला होता. नथीच्या खाली, मंगळसूत्राच्या वर, तिची घाटी वरखाली होत होती.

मी ओळ तिथेच सोडली. बायकांना वाटलं पुन्हा आवाज गेला. मी वाकून हळदीची दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली.

"आत्ता काय म्हणालीस?"

"काय नाय गो."

"गळा बोलला. खरं सांग."

तिने मला ढकलायला हवं होतं. सगळा मांडव बघत होता, एक-दोन मोबाईलही वर होते. पण तिचे डोळे भरले. ती इतक्या हळू बोलली की मला कानच न्यावा लागला. "ताईच खरी. मी नुसती मोबाईलवरची." आणि मग, "गाडीत, जीपमधी, माईकसमोर, सगलीकडं हेच येतं. गेल्या सालच्या दिवालीला तुझा आवाज ऐकला नि घरी जाऊन जेवले नाय मी. माजे पन दात दुखतात सकाली."

खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला फार बरं वाटलं. बहिणीचे दात दुखतात हे ऐकून बरं वाटणारी मी बाई आहे. मग त्याच्या पाठोपाठ वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटत राहिलं.

"मोठ्यानं म्हण," मी सांगितलं. "एकदाच."

"येडी का काय तू? इथं?"

"मी म्हणते आधी." आणि मी भर मांडवात, प्राचीच्या हळदीत, माझं वाक्य म्हटलं. मग तिने तिचं म्हटलं. बायकांना काही कळलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "बहिनीबहिनींचं काय तरी हाय, असूंदे." आणि वहिनीने विचारलं की आता पुढचं कोणी म्हणेल का, पोरीच्या अंगावर हळद वाळली.

मी थकले होते. पुढची ओळ शोभाने टाकली.

आणि मी ती झेलली. आयुष्यात पहिल्यांदा मी धाकट्या बहिणीच्या मागे गायले. गळा आवळला नाही, जीभ टाळ्याला चिकटली नाही, आवाज कुठेही न फाटता सरळ वर गेला, आजारी पडायच्या आधी जायचा तसा. बायकांनी वळून बघितलं. शोभानेही बघितलं, तिच्या गळ्यावर माझी दोन पिवळी बोटं उमटलेली तशीच होती. रात्रीचं जेवण होईपर्यंत ती टाकत राहिली आणि मी झेलत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी मॅडमला हे सांगितलं. ती म्हणाली, छान, गळा बरा झाला. मी आता मिसरी लावत नाही, भाकरी नीट चावते, धवल्याला जाते, एकटीही गाते आणि बरी गाते. पण तो त्या दिवसासारखा स्वच्छ आवाज मला अजून फक्त शोभाच्या मागे बसूनच सापडतो. बाकी सगळं गिळता येतं आता. हे एवढं अजून उतरलेलं नाही.